लहान मुलांशी वंशभेदाबद्दल कधी बोलावं, आणि शाळेला काय विचारावं?

मृण्मयी_अ

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत राहतो. गेल्या आठवड्यात मुलीच्या प्रीस्कूलकडून सगळ्या पालकांना पत्र आलं. पुढच्या सत्रापासून तीन ते पाच वर्षांच्या वर्गात त्वचेचा रंग, केस, चेहरेपट्टी, वेगवेगळ्या वंशांची माणसं यांवर गोष्टी आणि गप्पा होणार आहेत. महिनाअखेर पालकसभा आहे, शंका असतील तर तिथे विचारा, असं लिहिलंय. पत्र तसं साधंच होतं, पण पालकांच्या ग्रुपवर त्यावरून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. एका बाजूचं म्हणणं, मुलांना यातलं काही दिसतच नाही, तुम्हीच त्यांच्या डोक्यात भरवताय. दुसरी बाजू म्हणते, उशीर झालाय, खरं तर कालच बोलायला हवं होतं.

माझा कल बोलावं याकडे आहे. पण नुसतं बोलून काय साधणार हे मला नीट उमगलेलं नाही. या वयात मुलांना नक्की काय कळतं? बोलल्याने भलं होतं की उलट नको ते मनात रुजतं? आणि सभेत मी विचारू तरी काय? शिक्षक असाल, पालक असाल किंवा या विषयावर वाचलं असेल, तर जरूर लिहा.

खारूताई

वाचतेय. आमच्याकडेही असं पत्र आलं होतं, पण सभेत कुणी तोंडच उघडलं नाही.

चौकस

"दिसतच नाही" या मुद्द्यावर लिहितो, कारण त्यावर बरंच संशोधन झालंय. २००५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळांना वेगवेगळ्या वंशांच्या चेहऱ्यांचे फोटो जोडीने दाखवले होते. नवजात बाळं कुठल्याच चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत नव्हती. तीन महिन्यांची बाळं मात्र स्वतःच्या वंशाच्या चेहऱ्यांवर जास्त रेंगाळत होती.

त्याच्या पुढच्या वर्षीचा इस्राएलमधल्या संशोधकांचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात तीन गट होते: इस्राएलमधली गोरी बाळं, इथिओपियात वाढणारी बाळं, आणि इथिओपियातून इस्राएलला आलेल्या कुटुंबांमधली बाळं, जी दोन्ही प्रकारचे चेहरे रोज बघत होती. पहिल्या दोन गटांचा कल आपापल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे होता. तिसऱ्या गटाचा कल कुठेच नव्हता.

बाळ ओळखीचं ते बघतं, एवढाच याचा अर्थ. याला पूर्वग्रह म्हणता येणार नाही. पण फरक दिसत नाही, असंही म्हणता येणार नाही.

स्पष्टवक्ता

चौकस, तीन महिन्यांचं बाळ कुठे बघतं यावरून थेट बालवर्गाच्या अभ्यासक्रमावर कशी उडी मारता? फरक दिसणं वेगळं आणि त्याला अर्थ चिकटवणं वेगळं. चार वर्षांच्या मुलाला "तू अमुक वंशाचा, तो तमुक वंशाचा" असं सांगितलं की जे त्याच्या लेखी केसांच्या कुरळेपणाइतकंच होतं ते एकदम मोठं होऊन बसतं. माझा या पत्राला विरोध आहे आणि तो मी सभेतही मांडला असता. मुलं खेळण्यांवरून भांडतात, वंशावरून नाही. त्यांना खेळू द्या.

टवाळखोर

तीनचाकी सायकल एक आणि मुलं बारा असली की सगळे वंश एकदिलाने एकमेकांना ढकलतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय :)

सुनंदाताई

टवाळखोर, सायकलचं अगदी खरं. ढकलाढकलीनंतर काय होतं ते मी सांगते.

मी बरीच वर्षं अमेरिकेत प्रीस्कूलमध्ये शिकवते आहे. मूल चावलं, मारामारी झाली, कुणी पडलं की आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. काय झालं, कुठे झालं, शिक्षकाने काय केलं, पालकांना कळवलं का. एका दुपारी मुलं झोपलेली असताना मी जुने फॉर्म लावत बसले होते, तेव्हा दोन फॉर्म शेजारीशेजारी आले. दोन्हींत एका मुलाने दुसऱ्याच्या दंडाला चावलं होतं. दोन्हींत नुसता दातांचा वळ, रक्त नाही. दोन्ही वेळा भांडण लाकडी ठोकळ्यांवरून. गोऱ्या मुलाच्या फॉर्मवर लिहिलं होतं: "दमला होता, झोपेची वेळ टळली होती, जवळ घेतल्यावर शांत झाला." कृष्णवर्णीय मुलाच्या फॉर्मवर: "आक्रमक वर्तन. इतर मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न. वडिलांना बोलावून घेतले."

दोन्ही फॉर्म एकाच सहशिक्षिकेने भरलेले. बाई मायाळू होती, दोन्ही मुलं तिच्याच मांडीवर झोपायची. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हे मी असं लिहिलंय?

मुलं साडेतीन वर्षांची होती. पुढच्या वर्गाची बाई बहुतेक वेळा आधी फाइल वाचते, मूल नंतर भेटतं. स्पष्टवक्ता, मुलं वंशावरून भांडत नाहीत हे मान्य. त्यांच्या भांडणाचा निवाडा मात्र त्यावरून होतो, आणि वर्गातली बाकीची दहा मुलं तो निवाडा बघत असतात. कुणाला जवळ घेतलं जातं आणि कुणाच्या घरी फोन जातो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

रानजाई

सुनंदाताई, अंगावर आलं वाचून. प्रीस्कूलमधून मुलांना सस्पेंडही करतात असं मध्ये कुणीतरी सांगत होतं, ते खरं आहे का? तीन-चार वर्षांच्या मुलाला?

चौकस

खरं आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाने २०१४ साली आकडे प्रसिद्ध केले होते. सरकारी प्रीस्कूलमधल्या मुलांत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के होती. एकाहून जास्त वेळा सस्पेंड झालेल्या मुलांत ४८ टक्के.

ताईंनी जे फॉर्ममध्ये पाहिलं ते येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम यांच्या गटाने २०१६ मध्ये दुसऱ्या तऱ्हेने तपासलं. प्रीस्कूलच्या शिक्षकांना चार मुलांचा व्हिडिओ दाखवला: एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. सांगितलं होतं की मुलं दांडगाई करतील, सुरुवात दिसली की बटण दाबा. व्हिडिओत दांडगाई नव्हतीच. शिक्षकांची नजर कुठे जाते हे यंत्र टिपत होतं, आणि ती सर्वांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलग्यावर होती. कुणाकडे जास्त लक्ष द्यावं लागलं असं विचारल्यावर ४२ टक्के शिक्षकांनी त्याचंच नाव घेतलं. यात गोरे शिक्षकही होते आणि कृष्णवर्णीयही.

सतत एकाकडे बघत राहिलं की त्याचाच खोडसाळपणा सापडणार. तेवढाच खोडसाळपणा कोपऱ्यात दुसऱ्याने केला तर तो कुणी पाहिलेला नसतो.

स्पष्टवक्ता

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण यातून माझाच मुद्दा निघतो. दोष मोठ्यांच्या नजरेत असेल तर प्रशिक्षण शिक्षकांना द्या, फॉर्म बदला, तपासणी करा. मुलांना कशाला गोष्टी सांगत बसायचं?

निळावंती

कारण तोवर मुलांनी आपापला निष्कर्ष काढलेला असतो.

१९४० च्या दशकात मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने केलेला बाहुल्यांचा प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असेल. मूळ कल्पना मेमीच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या प्रबंधातून आलेली, नाव मात्र बहुतेक वेळा नवऱ्याचं घेतलं जातं. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळ्या सारख्या. खेळायला कुठली हवी? चांगली कुठली? वाईट दिसते ती कुठली? आणि प्रश्नांच्या शेवटी, तुझ्यासारखी कुठली? ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ५९ टक्क्यांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हणून दाखवली. आणि हे सगळं सांगून झाल्यावर "तुझ्यासारखी कुठली" हा प्रश्न आला, तेव्हा काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून निघून गेली.

या मुलांना घरी बसवून कुणी शिकवणी दिली नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला त्या निकालाच्या ११ व्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. बाहुल्यांवरून न्यायालयापर्यंत.

मास्तर

निळावंती, प्रयोग मोठाच आहे, पण त्यातून काय सिद्ध होतं ते जपून म्हणायला हवं. वर्णभेदी शाळांमुळे मुलं गोरी बाहुली निवडतात असं म्हणायचं तर दक्षिणेतल्या, वेगळ्या शाळांत शिकणाऱ्या मुलांनी ती जास्त निवडायला हवी होती. झालं उलट. उत्तरेत गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात बसणाऱ्या मुलांनी गोरी बाहुली जास्त मागितली. दुसरं, बाहुली निवडणं आणि स्वतःबद्दल कमीपणा वाटणं या एकच गोष्टी नव्हेत. दुकानात, पुस्तकांत छान म्हणून गोरी बाहुलीच मांडलेली असेल तर मूल जगाची रीत अचूक सांगत असतं.

मला तर हे दुसरं जास्त गंभीर वाटतं. मूल चुकलेलं नाही. त्याने परिसर बरोबर वाचलाय.

मी इंग्लंडमध्ये शिकवलं. तिथली गोष्ट सांगतो. १९६० च्या दशकात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुलं मोठ्या प्रमाणात "शैक्षणिकदृष्ट्या सामान्यापेक्षा कमी" अशा शिक्क्याच्या खास शाळांमध्ये पाठवली जात होती. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोअर्ड यांनी १९७१ साली यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते थेट पालकांना उद्देशून लिहिलं. चाचण्यांची भाषा, त्यातली चित्रं, परीक्षकाचा उच्चार, सगळं मुलांना परकं. मूल गप्प बसलं की मंद, आणि जोरात बोललं की बेशिस्त. कित्येक आईबापांना वाटत होतं की खास शाळा म्हणजे चांगली शाळा, मुलाकडे जास्त लक्ष देणारी. पुस्तकानंतर पालक जागे झाले, समाजाने स्वतः चालवलेल्या शनिवारच्या शाळा वाढल्या, घरांत आणि चर्चच्या खोल्यांत वर्ग भरायला लागले.

त्या खास शाळांतून गेलेली माणसं मला पुढे प्रौढवर्गात भेटली. पन्नाशीचा गृहस्थ, हिशेबात तल्लख, पण फळ्यापाशी बोलावलं की हाताला घाम. सहाव्या वर्षी लागलेला शिक्का इतकी वर्षं टिकतो.

भ्रमर

वाचनखूण साठवली. जात आणि शाळा यावरही असंच सविस्तर लिहायला हवं.

मृण्मयी_अ

भ्रमर, नक्की हवं, पण तो विषय एवढा मोठा आहे की इथे दोन प्रतिसादांत उरकणं बरोबर नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, मी येते. इथे वंशावरच राहू या.

मास्तर, "परिसर बरोबर वाचलाय" हे डोक्यात घोळतंय.

सईची_आई

माझा नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, मी मराठी. त्यामुळे बोलावं की नाही असा प्रश्न आम्हाला पडलाच नाही, सईनेच तो काढला. पाचेक वर्षांची असताना वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, तुझी आई खरी नाही, कारण ती तुझ्यासारखी दिसत नाही. सईने घरी येऊन माझ्या हाताशेजारी हात ठेवला, मग बाबाच्या, आणि विचारलं, मी कोणाच्या पार्टीत?

त्या मुलीच्या मनात काहीही वाईट नव्हतं. तिला जे पाहायला मिळालं होतं त्यात आई आणि मूल एकसारखेच दिसत. पण सईला उत्तर लागत होतं आणि तिच्या बाईंनी दिलेलं उत्तर होतं, "आपण सगळे सारखेच!" सईने मला विचारलं, सारखे कुठे आहोत? तिला वाटलं बाई खोटं बोलतात. आम्ही मग रीतसर सांगितलं की रंग आईबाबांकडून येतो, दोघांचं मिळून तुझं झालं, तुला एका बाजूला उभं राहायची गरज नाही. आणि हेही सांगितलं, थोडं नंतर, की बाबासारख्या दिसणाऱ्या माणसांना या देशात फार अन्यायाने वागवलं गेलंय आणि ते चूक आहे. तिला दोन्ही समजलं.

शाळेचे फॉर्म हा आणखी एक प्रकार. अमेरिकेच्या जनगणनेतच एकाहून जास्त वंश नोंदवण्याची सोय २००० साली आली. माझ्या नणंदेच्या शाळेच्या वेळी एकच खूण करायची होती, आणि पोरगी समोर बसलेली असताना कारकून तिच्या तोंडाकडे बघून खूण करायचा.

अवखळ

फॉर्मवरून आठवलं. माझ्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी "घरी कोणती भाषा बोलता" या रकान्यात आम्ही हौसेने "मराठी" लिहिलं. लगेच त्याला इंग्रजीच्या चाचणीला बसवलं. पोरगा दोन्ही भाषा सटासट बोलणारा, पण अनोळखी बाईंपुढे त्या दिवशी मिठाची गुळणी धरून बसला आणि झाली रवानगी इंग्रजीच्या जादा वर्गात. चाचणी नियमाने सगळ्यांनाच होते हे ठीक, बाहेर काढायला मात्र पत्रांवर पत्रं लिहावी लागली.

रानजाई

नावांचंही तेच. माझ्या भाच्याचं नाव सम्यक, बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आपण याला सॅम म्हणू. ताईने शांतपणे नाव सुटं करून दोनदा म्हणून दाखवलं आणि सांगितलं, त्याला स्वतःचं नाव लिहायला शिकायचंय, हेच शिकवा. बाईंना दोन दिवसांत जमलं.

टवाळखोर

डायनासोरांची हातभर लांब नावं पाठ असणारी मुलं आहेत ती. सम्यक त्यांना पहिल्या तासाला जमलं असणार, प्रश्न बाईंचाच होता :)

मधुरा_स

आयोवातल्या शिक्षिका जेन एलियट यांचा उल्लेख अजून कसा नाही आला? मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला, त्यांनी तिसरीच्या वर्गात निळ्या डोळ्यांची मुलं आणि तपकिरी डोळ्यांची मुलं असे दोन गट केले. एक दिवस एक गट वरचढ, मग दुसरा. तासाभरात मुलं एकमेकांना टोचून बोलायला लागली, खालच्या गटाचं वाचनसुद्धा अडखळायला लागलं. अन्याय काय असतो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. असं काही प्रीस्कूलमध्ये सौम्य रूपात करता येईल.

सुनंदाताई

मधुरा, नको गं. तिसरीच्या मुलांनाही ते जड गेलं होतं, आणि त्यावरची टीका आजही होते. चार वर्षांच्या मुलाला "हा खेळ होता" हे संध्याकाळी सांगून भागत नाही, त्याच्या लेखी बाईंनी आपल्याला खालचं म्हटलं हीच खरी गोष्ट. आणि ज्या मुलाला हे एरवीच भोगावं लागतं त्याच्यावर आपण तो प्रसंग मुद्दाम आणायचा, हे मला पटत नाही.

चौकस

इथे मानसशास्त्रज्ञ रेबेका बिगलर यांचं काम सांगायला हवं. स्पष्टवक्ता, यातला अर्धा भाग तुमच्या बाजूचा आहे.

उन्हाळी वर्गातल्या मुलांना त्यांनी निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाकडे पूर्ण दुर्लक्ष केलं. तिथे काही आठवड्यांनीही मुलांमध्ये गटबाजी आली नाही. दुसऱ्या वर्गांत शिक्षक रंगाचा वापर करत: निळ्यांनी रांग करा, पिवळ्यांनी इकडे बसा. कुणी चांगलं, कुणी वाईट असं अवाक्षर नाही. तरी त्या वर्गांतली मुलं आपला रंग सरस मानू लागली.

पुढच्या प्रयोगात भिंतींवर चित्रं लावली, ज्यांत शर्यती आणि स्पर्धा जिंकणारे बहुतेक एकाच रंगाच्या शर्टातले. जिथे शिक्षक रंगाचा वापर करत होते तिथे त्या रंगाच्या मुलांना आपण वरचढ वाटायला लागलं. चित्रांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

तेव्हा रिकामे शिक्के मारत बसणं वाईट, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण बाहेरच्या जगात शर्टाचा रंग आधीच वापरात आहे. वस्त्या, हुद्दे, कोण मुख्याध्यापक आणि कोण सफाईवर, सगळं रंगाप्रमाणे मांडलेलं. ते मूल बघतं आणि कारण शोधतं. मोठ्यांनी खरं कारण सांगितलं नाही तर त्याला सुचणारं सर्वांत सोपं कारण उरतं: ते लोक तसेच असतात.

स्पष्टवक्ता

टी-शर्टांचं उदाहरण मला पटलं. मग माझी अट अशी: शाळेने वंशांची यादी शिकवू नये. सईच्या घरी झालं तसं, मुलाच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं, आणि मोठ्यांनी केलेल्या मांडणीचा जाब मोठ्यांना विचारावा. अशा अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही.

पण घरचं काय? माझ्या घरी कुणी भेदभाव करत नाही, मुलं आपोआप तेच शिकतील असं मी धरून चाललो होतो.

निळावंती

स्पष्टवक्ता, त्यावर २०१२ चा एक अभ्यास आहे. चार-पाच वर्षांची मुलं असलेल्या गोऱ्या आयांना वंशाचा विषय असलेली चित्रपुस्तकं मुलांबरोबर वाचायला दिली. बहुतेकींनी पुस्तक वाचतानाही तो शब्द टाळला. मग मुलांना विचारलं, आईचं याबद्दल काय मत असेल? मुलांचे अंदाज आईच्या खऱ्या मताशी जुळले नाहीत, आणि मुलांची स्वतःची मतंही आईच्या मतांशी जुळणारी नव्हती. घरात भेदभाव नाही हे मुलाला कळायचं असेल तर कधीतरी तोंडाने म्हणावं लागतं.

पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर: १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतल्या बालसाहित्यावर एक लेख लिहिला. तीन वर्षांत निघालेली ५,२०६ पुस्तकं पाहिली, कृष्णवर्णीय माणूस चित्रात किंवा मजकुरात कुठेतरी दिसतो अशी निघाली ३४९. लेखाची सुरुवात न्यूयॉर्कच्या एका बालवर्गातल्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते. पुस्तक चाळता चाळता तिने विचारलं, यात नेहमी गोरीच मुलं का असतात? पाच वर्षांच्या मुलीने कपाटाची मोजदाद मनातल्या मनात आधीच केली होती. आणि वीस वर्षांनंतर, १९८५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने मोजलं तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची फक्त १८ होती.

खारूताई

क्रेयॉनच्या पेटीत "कातडी" नावाचा रंग असायचा, फिकट गुलाबीसर. क्रेयोला कंपनीने १९६२ मध्ये ते नाव काढून "पीच" केलं, आणि त्वचेच्या २४ छटांची पेटी आली २०२० मध्ये. मधल्या ५८ वर्षांत स्वतःचं चित्र काढणाऱ्या कित्येक मुलांना आपला रंग पेटीत सापडला नसणार.

मास्तर

पुस्तकं, रंग हवेतच. पण सभेतला वेळ त्यातच जाईल अशी मला भीती वाटते, कारण ते करायला सोपं असतं. नवीन पुस्तकं मागवली, भिंतीवर चित्रं लावली, फोटो काढले, झालं. कोणतं मूल कुठे पाठवायचं हे जिथे ठरतं ती खोली तशीच राहते.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहराचं उदाहरण घ्या. मतिमंद मुलांसाठी असलेल्या खास शाळांत निम्म्याहून जास्त मुलं रोमा या युरोपातल्या अल्पसंख्य समाजाची होती. शहरातल्या सर्वसाधारण प्राथमिक शाळांत हा समाज जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. १८ मुलांच्या वतीने खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ मध्ये १३ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की हा भेदभाव आहे. सरकारचा बचाव होता की पालकांनी सह्या दिल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं, भेदभाव सोसायला दिलेली संमती ग्राह्य धरता येत नाही. त्या आईबापांपुढे पर्याय काय होते? एका बाजूला खास शाळा, दुसऱ्या बाजूला जिथे त्यांच्या पोराला कुणी शेजारी बसवून घेणार नाही अशी शाळा.

सईची_आई

मास्तर, १९५४ च्या निकालाचीही एक बाजू फारशी सांगितली जात नाही. शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय मुलांची शाळा बंद झाली आणि तिथल्या शिक्षकांना घरी बसवलं. त्या दशकभरात दक्षिणेकडच्या राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचं सांगतात. माझ्या सासूबाईंच्या आवडत्या बाई त्यात होत्या. नव्या शाळेत त्यांना एकही शिक्षिका आपल्यासारखी दिसली नाही.

त्याने किती फरक पडतो हे नंतर मोजलं गेलं. उत्तर कॅरोलिनातल्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दिसलं की अगदी गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्याला तिसरी ते पाचवीत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभला तर पुढे शाळा सोडण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी घटते. एक शिक्षक!

मधुरा_स

वर्गात आज काय करता येईल असं काही सांगा ना कुणी. वाचून हातपाय गळायला लागलेत.

सुनंदाताई

मधुरा, आहे ना. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये शाळा एकत्र झाल्यावर वर्गावर्गांत मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी एक पद्धत बसवली. मिश्र वंशांच्या पाच-सहा मुलांचा गट, धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, आणि दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय धडा पुरा होत नाही. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याचं ऐकणं गरजेचं झालं. मी हेच चिमुकल्यांबरोबर करते: एकाकडे डिंक, एकाकडे कागद, एकीकडे चित्र. गट मी करते, त्यांच्यावर सोडत नाही, नाहीतर रोज तीच जोडगोळी.

आणि दुसरं टोक म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. त्यांच्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःचे बालवर्ग सुरू केले, कोहांगा रेओ. आज्यांनी नातवंडांशी दिवसभर माओरीतच बोलायचं. तिथे मूल कुणाच्या नजरेतून स्वतःकडे बघायला शिकत नाही. सगळ्यांना हे जमणारं नाही, पण मिसळणं हा एकच मार्ग आहे असंही कुणी समजू नये.

फॉर्मचं राहिलं. त्या दिवसानंतर आमच्याकडे फॉर्मवर आधी फक्त डोळ्यांना दिसलं ते लिहायचं असा नियम केला: कोणी, कुणाला, कुठे, आधी काय झालं. "आक्रमक", "हट्टी", "दुष्ट" हे शब्द बंद. आणि दर महिन्याला सगळे फॉर्म दोघींनी मिळून वाचायचे.

मृण्मयी_अ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना कळतं का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सभेसाठी मी कागदावर उतरवलंय ते असं. गेल्या वर्षी कोणत्या मुलांना वर्गाबाहेर काढलं किंवा घरी पाठवलं, याची नोंद आहे का, ती वंशवार कुणी पाहिली आहे का. घटनेचा फॉर्म कोण भरतं, दुसरं कोण वाचतं. एखाद्या मुलाला खास तपासणीला पाठवायचं हे कोण ठरवतं आणि पालकांना पर्याय समजावून सांगतात का, त्यांच्या भाषेत. मुलाने वर्गात अवघड प्रश्न विचारला तर बाईंनी काय म्हणायचं ठरलंय. नवीन शिक्षक घेताना काय बघतात. पुस्तकांचं कपाट शेवटी.

काही राहिलं का?

मास्तर

क्रम चांगला आहे. एक सांभाळा. शाळा लहान असेल तर वंशवार आकडा मागितल्यावर एखाद्या गटात एकच मूल निघेल आणि सगळ्या सभेला कळेल ते कोणाचं. आकडे भर सभेत मागू नका. नोंद ठेवता का आणि कोण तपासतं एवढं सभेत विचारा, बाकीचं मुख्याध्यापकांना लेखी.

सुनंदाताई

आणि मृण्मयी, सभेला येऊ न शकणाऱ्या पालकांना आधी गाठ. आमच्या सभा कामाच्या वेळात असतात, त्यामुळे ज्यांच्या मुलांचे फॉर्म सर्वांत जास्त भरले जातात तेच आईबाप खुर्चीत नसतात. तारीख बदलून मागायची असेल तर या आठवड्यातच माग, नंतर शाळा ऐकत नाही.

मृण्मयी_अ

ताई, आजच मेल करते. संध्याकाळी सातनंतरची वेळ आणि दुभाषी, दोन्ही मागते. सभा झाली की इथे लिहीन.